पंच कोणी नेमायचा?



चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी कोळसाखाणींतील कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी 'खेळातला पंच' असे सांगितले आणि ते क्षणभर गप्पच झाले. कामगार संघटनेच्या माणसाने फुटबॉल-क्रिकेटवर का बोलावे, हा प्रश्न आपल्यापैकीही पुष्कळांच्या मनात असेल. त्याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. मैदानावर शिट्टी वाजवतो त्यालाही आपण पंच म्हणतो आणि मालक-कामगारांच्या तंट्यात दोघांचे ऐकून निवाडा देतो त्यालाही पंचच म्हणतो. माझी तीस वर्षे दुसऱ्या प्रकारच्या पंचासमोर बसण्यात गेली. उरलेले रविवार पहिल्या प्रकारच्या पंचाकडे पाहण्यात गेले. दोन्हीकडे हरलेला माणूस बाहेर पडताना जवळजवळ एकच वाक्य बोलतो. "सारे आधीच ठरले होते, पंच विकला गेला होता."

हे वाक्य कितपत खरे आहे, ते आज तपासून पाहावयाचे आहे. मला हा प्रश्न करमणुकीचा वाटत नाही. ज्याची खात्री पटली की पंच विकलेलाच असतो, तो पुढच्या तारखेला कागद घेऊन येत नाही. तो साक्षीदार गोळा करीत नाही, सभेला येत नाही. घुग्घुसपासून बल्लारपूरपर्यंत अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. उलट ज्याला वाटते की पंच हा देवच आहे, तोही फसतो. म्हणून पुराव्याच्या पलीकडे एक पाऊलही न टाकता काय दिसते ते पाहू.

आपल्या देशातले अलीकडचे गाजलेले प्रकरण आधी घेतो. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर इंडियन सुपर लीगमधील बाद फेरीचा सामना होता, बंगळूर विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. ठरलेल्या वेळेत एकही गोल झाला नाही. जादा वेळेत बंगळूरला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू अजून आपली भिंत उभी करीत होते, तोच सुनील छेत्रीने चेंडू जाळ्यात टाकला आणि पंचाने गोल दिला. केरळच्या प्रशिक्षकाने सगळा संघ मैदानाबाहेर बोलावला; तो परत आला नाही. पुढे भारतीय महासंघाने केरळची तक्रार फेटाळली, संघाला चार कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली.

त्या आठवड्यात चंद्रपूरच्या पानटपरीवरसुद्धा 'कट' हा शब्द ऐकू येत होता. वास्तविक वाद होता तो नियमाचा. फ्री किक झटपट मारण्याची खेळाडूला मुभा आहे; मात्र पंचाने एकदा भिंत मागे सरकवण्याचे काम हाती घेतले की मग त्याच्या शिट्टीची वाट पाहावी लागते. त्या क्षणी पंच यांपैकी कोणत्या अवस्थेत होता, एवढाच मुद्दा. चित्रफीत पाहून फेरविचार करण्याची सोय त्या स्पर्धेत नव्हती. कोणी पैसे घेतले याचा पुरावा कोणीही पुढे आणलेला नाही. चूक झाली असे फार तर म्हणता येईल, आणि चूक म्हणजे विक्री नव्हे.

परंतु पंच विकलेच जात नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत रॉबर्ट हॉयझर नावाचा एक तरुण पंच होता. ऑगस्ट २००४ मध्ये पाडरबॉर्न या खालच्या श्रेणीतल्या संघाने हँबुर्गसारख्या मातब्बर संघाला चषक स्पर्धेत ४-२ असे हरवले. हँबुर्ग आधी दोन गोलांनी पुढे होते. पंचाने पाडरबॉर्नला दोन पेनल्टी दिल्या आणि हँबुर्गच्या एका खेळाडूला बाहेर काढले. तो पंच हॉयझर होता. सट्टेबाजांच्या एका टोळीकडून त्याने सदुसष्ट हजार युरो आणि एक दूरदर्शन संच घेतला होता. जानेवारी २००५ मध्ये त्याने कबुली दिली आणि त्याच वर्षी त्याला दोन वर्षे पाच महिन्यांची शिक्षा झाली. त्याच साली ब्राझीलमध्येही एका पंचाचे सट्टेवाल्यांशी साटेलोटे उघड झाले आणि त्याने चालवलेले अकरा सामने रद्द करून पुन्हा खेळवावे लागले. म्हणजे विक्री होते. पण ती कशी उघड झाली ते पाहा. सट्ट्याच्या बाजारात पैसा कोठून कोठे गेला याचा माग लागला, सहकाऱ्यांनी तोंड उघडले, पोलीस आले. अशी विक्री पैशाचा माग ठेवून जाते आणि माग असला की कधी ना कधी पकडता येते.

इटलीचे प्रकरण माझ्या दृष्टीने याहून शिकण्यासारखे आहे. २००६ साली तेथे टेलिफोनवरची संभाषणे बाहेर आली. युव्हेंटस या सर्वांत श्रीमंत संघाचा व्यवस्थापक लुचानो मोज्जी आणि पंचांच्या नेमणुका करणारे अधिकारी यांची ती बोलणी होती. पंचाच्या हातात नोटांचे पुडके ठेवण्याची भाषा त्यांत नव्हती. कोणत्या सामन्याला कोण पंच नेमावा, कोण आपल्याला बरा, कोण नको, अशी ती चर्चा होती. युव्हेंटसची दोन विजेतेपदे गेली आणि संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. आमच्याकडे जिल्हाधिकाऱ्याच्या बदलीसाठी धावपळ करणारी माणसे आपण पाहतो, त्यांतलाच हा प्रकार म्हणावयाचा. विकत घेण्याची गरजच उरत नाही. नेमणूक हाती असली की पुरे. ज्याला पुढच्या रविवारी मोठा सामना मिळावा अशी इच्छा आहे, तो पंच कोणी न सांगताही समजून घेतो.

आणि याच्याही पुढची पायरी आहे. तेथे कोणी फोन करीत नाही, कोणी नेमणूक फिरवीत नाही, आणि तरीही पारडे झुकते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी स्पेनच्या लीगमधील शेकडो सामन्यांचा हिशेब मांडला. सामन्याच्या शेवटी पंच जो वाढीव वेळ देतो, तो घरचा संघ एका गोलाने मागे असला की लांबतो आणि एका गोलाने पुढे असला की आखूड होतो. फरक जवळजवळ दोन मिनिटांचा. इंग्लंडमध्ये चाळीस पंचांना एकाच सामन्यातील धक्काबुक्कीचे प्रसंग पडद्यावर दाखवले. निम्म्यांना प्रेक्षकांच्या आरोळ्यांसकट, निम्म्यांना आवाज बंद करून. ज्यांच्या कानांवर आरोळ्या पडल्या त्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी फाउल दिले. जर्मनीत असे आढळले की ज्या स्टेडियमांत प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा मार्ग आहे, तेथे पंचाचा हा कल कमी होतो. आठ-दहा वावांच्या अंतराने माणसाची न्यायबुद्धी सुधारते, हे वाचून मला हसू आले आणि थोडी भीतीही वाटली. मग २०२० साली साथीच्या काळात रिकाम्या मैदानांवर सामने झाले. घरच्या मैदानाचा फायदा कमी झाला आणि पाहुण्या संघाला दाखवली जाणारी पिवळी कार्डेही घटली. यांपैकी कोणत्याही पंचाला कोणी छदाम दिला नव्हता. त्याला विचारले असते तर त्याने आईची शपथ घेऊन सांगितले असते की मी निष्पक्ष आहे, आणि ती शपथ खोटी ठरली नसती.

आमच्या भागात याचा अनुभव घ्यायला स्पेनला जावे लागत नाही. खाणीच्या वसाहतीतल्या एका मैदानावर, कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, कामगारांची फुटबॉल स्पर्धा होती. अंतिम सामना कंपनीचा स्वतःचा संघ आणि बाहेरगावचा एक संघ यांच्यात. पंच म्हणून त्याच कंपनीच्या कार्मिक विभागातला एक कारकून. भला माणूस, मी त्याला ओळखत होतो, त्याने आयुष्यात कधी कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नसेल. बाहेरचा संघ एका गोलाने पुढे होता. नव्वद मिनिटे झाली, त्र्याण्णव झाली, शहाण्णव झाली. कंपनीच्या संघाने बरोबरी साधली आणि लगेच शिट्टी वाजली. बाहेरगावची पोरे ओरडू लागली की याने किती घेतले ते सांगा. त्याने काही घेतले नव्हते. पहिल्या रांगेत खुर्चीवर त्याचे साहेब बसले होते आणि सोमवारी सकाळी त्याला त्यांच्याच पुढ्यात उभे राहावयाचे होते, इतकेच.

कारखान्यातल्या खातेनिहाय चौकशीत मी हेच पाहिले आहे. कामगारावर आरोपपत्र कंपनी ठेवते, चौकशी अधिकारी कंपनी नेमते, त्याचे मानधनही कंपनीच देते. तो अप्रामाणिक असतोच असे नाही. तथापि त्याच्या अहवालाचा शेवट बहुधा कोणत्या बाजूला होणार, हे आरोपपत्र वाचतानाच आम्हांला कळे. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम घातले गेले आणि अशा चौकशीवरून दिलेली बडतर्फी न्यायाधिकरणाला पुराव्यात शिरून नव्याने तपासता येऊ लागली, शिक्षा कमीही करता येऊ लागली. त्या एका कलमाने जेवढ्या कामगारांच्या नोकऱ्या वाचल्या तेवढ्या आमच्या घोषणांनी वाचल्या असतील असे मला वाटत नाही. संघटनेच्या माणसाने हे बोलू नये म्हणतात, पण खरे आहे.

आता खेळाच्या इतिहासाकडे वळू, कारण 'पंच कोणाचा' हा प्रश्न तेथे फार जुना आहे. इंग्लंडात फुटबॉल सुरू झाला तेव्हा मैदानावर बाहेरचा पंच नव्हताच. दोन्ही संघ आपापला एकेक पंच आणीत. वाद झाला की प्रत्येक जण आपल्या बाजूने बोले. म्हणून मैदानाबाहेर तिसरा एक माणूस उभा करण्यात आला, आणि दोघांचे जुळले नाही की वाद त्याच्याकडे सोपवावयाचा असे ठरले. रेफरी या शब्दाचा अर्थच तो आहे: ज्याच्याकडे वाद सोपवला जातो तो. १८९१ साली नियम बदलला, रेफरी मैदानाच्या आत आला, आणि दोन संघांचे दोन पंच झेंडा घेऊन रेषेवर गेले. म्हणजे इंग्रजांना आपल्या देशात हे पुरते कळले होते की एका पक्षाचा माणूस न्याय देऊ शकत नाही.

आपल्या देशात मात्र त्यांना ते कळायला वेळ लागला. हे सांगण्यासाठी मला फुटबॉल सोडून क्रिकेटकडे, आणि चंद्रपूर सोडून मुंबईच्या मैदानाकडे जावे लागेल. कारण या प्रश्नाचा निकाल महाराष्ट्रात पहिल्यांदा लागला तो तेथे.

मुंबईत पारशांनी क्रिकेट उचलले तेव्हा त्यांना पंचाशी नव्हे, घोड्यांशी झगडावे लागले. गोरे लोक मैदानावर पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी पारशी पोरांची खेळपट्टी उखडली जाई. गोऱ्यांच्या जिमखान्याची जागा वेगळी, राखीव. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी या झगड्याची हकीकत लिहून १८९७ साली पुस्तकच छापले. अर्ज, उत्तरे, पुन्हा अर्ज. वाचताना मला आमच्या संघटनेच्या फायली आठवल्या. १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांचे वार्षिक सामने सुरू झाले. १९०७ साली हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान आले आणि चौरंगी झाले. या सर्व काळात पंच युरोपियन असत, आणि ते बाँबे जिमखान्याकडून येत. म्हणजे एका बाजूला बाँबे जिमखान्याचा संघ खेळतो आहे आणि पायचीत द्यावयाचे की नाही हे बाँबे जिमखान्यानेच दिलेला माणूस ठरवतो आहे. त्रिफळा उडाला तर सगळ्यांना दिसतो, झेल सगळ्यांना दिसतो. पायचीत मात्र फक्त पंचाच्या डोळ्यांत असते. सत्ता कोठे राहते ते अशा ठिकाणी दिसते.

हे असूनही फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. पंच त्यांचे असूनही सामना जिंकता येतो. झुकलेले पारडे म्हणजे ठरलेला निकाल नव्हे. मात्र जिंकणाऱ्याला थोडे अधिक चांगले खेळावे लागते, आणि ते 'थोडे' कोणी मोजून त्याच्या नावावर लिहीत नाही.

मग १९१७ साली चौरंगी सामन्यांत एक साधा बदल झाला. जे संघ त्या दिवशी खेळत नसतील, त्यांच्यातून पंच घ्यावयाचे. हिंदू-पारशी सामना असेल तर एक पंच युरोपियन आणि एक मुसलमान. एवढेच. कोणी कोणाला अप्रामाणिक म्हटले नाही, कोणाची चौकशी झाली नाही. फक्त नेमणुकीची रीत बदलली. साऱ्या जगाच्या क्रिकेटमध्ये तटस्थ पंचाची पद्धत अशी रीतसर पहिल्यांदा बसली ती आमच्या मुंबईत. धर्मवार संघ पाडून खेळण्याची कल्पना वाईटच होती. पुढे १९४० साली गांधीजींनी त्या सामन्यांविरुद्ध मत दिले आणि १९४६ नंतर ते बंदही झाले, ते योग्यच झाले. पण त्या वाईट चौकटीत ही एक चांगली खिळी ठोकली गेली होती, हे विसरू नये.

यापुढच्याच वर्षी मुंबईपासून फार दूर नाही अशा अहमदाबादेत गिरणीकामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांवर अडले होते. संप झाला, गांधीजींनी उपोषण केले आणि शेवटी तंटा पंचाकडे सोपवावयाचा ठरला. पंच म्हणून प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांना नेमले. ते ना गिरणीमालक, ना मजूर. त्यांनी पस्तीस टक्क्यांचा निवाडा दिला. हा निवाडा कामगारांच्या बाजूने लागला म्हणून मी सांगत नाही. दोन्ही पक्षांनी नाव मान्य केले होते म्हणून तो टिकला. १९१७ आणि १९१८ या लागोपाठच्या वर्षांत मैदानावर आणि गिरणीत एकच प्रश्न एकाच रीतीने सोडवला गेला. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे कोठे दिसत नाही, पण जोड विलक्षण आहे.

येथे कोणी म्हणेल, पंच तटस्थ झाला, न्याय झाला, व्याख्यान संपले. तसे नाही, आणि याला साक्षीदार आहे पाळवणकर बाळू. जन्म १८७६, चांभार कुटुंबात. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करणारा पोरगा. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला तो तासन्‌तास चेंडू टाकी. त्याला स्वतःला फलंदाजी मात्र कोणी दिली नाही. पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले ते त्याची डावखुरी गोलंदाजी लागत होती म्हणून. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्याला कधीच मिळाले नाही. १९२० साली त्याच्यावरील अन्यायाच्या निषेधार्थ त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. पुढे १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंनी त्या वर्षी स्पर्धा जिंकली.

बाळूच्या बाबतीत पंचाने काय केले? काहीच नाही. पंच तर तोपर्यंत तटस्थही झाला होता. अन्याय नाणेफेकीच्या आधीच, निवड समितीच्या खोलीत झाला होता, आणि त्या खोलीत शिट्टी घेऊन कोणी उभा नव्हता. आपण सारे मैदानावरच्या माणसाला शिव्या देतो, कारण तो दिसतो. नेमणारे आणि निवडणारे दिसत नाहीत. आमच्या झाडीपट्टीत शंकरपट भरतो तेव्हा सेकंदाच्या भागाने निकाल लागतो आणि घड्याळवाल्याभोवती गर्दी जमते. जोड्या कशा लावल्या, कोणाला कोणती दाण मिळाली हे ठरवणारा मात्र मंडपात निवांत बसलेला असतो.

मुंबईची ती रीत जगाने उचलायला किती काळ घेतला ते ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडमधील १९१२ ची तिरंगी मालिका सोडली, तर कसोटी सामन्यांत यजमान देशाचेच पंच उभे राहत. पाहुणे तक्रार करीत, यजमान रागावत. पाकिस्तानची यात विशेष बदनामी झाली. मला ती पूर्ण न्याय्य वाटत नाही, कारण इतर देशांतही तेच चाले, फक्त तेथे त्याला 'मानवी चूक' म्हणत. १९८६ साली वेस्ट इंडीजचा संघ पाकिस्तानात आला. फैसलाबादची पहिली कसोटी घरच्या पंचांच्या देखरेखीखाली झाली आणि पाकिस्तानने ती जिंकली. वेस्ट इंडीजचा दुसरा डाव अवघ्या ५३ धावांत आटोपला. विजय खरा होता, पण आपल्या विजयावर कोणी बोट ठेवू नये असे कप्तान इम्रान खानला वाटत होते आणि तटस्थ पंचांचा त्याने आग्रह धरला होता. लाहोरच्या दुसऱ्या कसोटीला भारतातून दोन पंच बोलावण्यात आले. एक हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे मुंबईचे पिलू रिपोर्टर. ज्या पारशांनी या प्रांतात गोऱ्यांशी पहिला सामना घेतला, त्यांच्यातलेच एक.

लाहोरला पाकिस्तान एक डाव आणि दहा धावांनी हरले. ज्याने बाहेरचे पंच मागितले त्याचाच पराभव झाला, आणि तरीही त्याने ती मागणी मागे घेतली नाही. कराचीच्या तिसऱ्या कसोटीलाही हेच दोघे उभे राहिले. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा असावा असे ठरले आणि २००२ पासून दोन्ही. मुंबईच्या चौरंगी सामन्यांनंतर पंचाऐंशी वर्षांनी. २०२० साली साथीमुळे प्रवास बंद झाला, तेव्हा यजमान देशाचेच पंच नेमण्याची मुभा पुन्हा द्यावी लागली. ती देताना पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची संधी मात्र दोन्ही संघांना प्रत्येक डावात एकेक वाढवून देण्यात आली.